राखेतलं शेत, राखेखालचं गाव

सँटोरिनीला आम्ही ज्वालामुखी बघायला गेलो. पांढऱ्या भिंती आणि निळे घुमट सगळ्यांनीच फोटोत पाहिलेले असतात. पण ते घुमट ज्या कड्यावर उभे आहेत, तो कडा म्हणजे एका प्रचंड विवराची आतली भिंत, आणि खाली दिसतो तो समुद्र म्हणजे त्या विवरात शिरलेलं पाणी. मी नागपूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. कॅल्डेराची, म्हणजे अशा विवराची, आकृती फळ्यावर खूपदा काढलेली. ती एकदा मुलांना सोबत घेऊन आतून बघायची होती.

आम्ही पाच जणं. मी, नवरा, नववीतली मुलगी, पाचवीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाई भंडारा जिल्ह्यातल्या धानपट्ट्यात वाढलेल्या, गुडघे दुखरे, मासमच्छी वर्ज्य. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुलांची सहामाही परीक्षा आटोपली आणि आम्ही निघालो. ग्रीसमध्ये तेव्हा ऊन उतरलेलं असतं, समुद्राचं पाणी मात्र अजून पोहण्याजोगं असतं, आणि बोटीही चालू असतात. नोव्हेंबर लागला की बेटावरची अर्धीअधिक खानावळी-दुकानं कुलूप लावतात.

व्हिसाबद्दल थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. बँकेचं विवरणपत्र, आयकराची कागदपत्रं, राहण्याचं आरक्षण आणि किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागलं. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, त्यामुळे धाकट्याचं काम सोपं झालं. बोटीच्या तिकिटावर आणि वेळापत्रकात बऱ्याचदा ‘थिरा’ असं छापलेलं असतं. तेच सँटोरिनी. बंदरावर गोंधळू नका.

अथेन्सहून विमान पाऊण तासात पोचवतं. आम्ही मुद्दाम बोट घेतली, तीही मोठी, संथ. पिरेयस बंदरातून सकाळी निघते आणि पारोस, नाक्सोस करत दुपारी पोचते. लहान वेगवान बोटी वारा सुटला की फार हलतात. मोठीत सासूबाई चक्क आडव्या होऊन झोपल्या. पण खरं कारण शेवटचा अर्धा तास हे होतं. बोट उत्तरेकडून इया गाव आणि थिरासिया बेट यांच्यामधून आत शिरते. तेव्हा डेकवर डाव्या बाजूला उभं राहायचं. पाण्यातून सरळ उभा उठलेला कडा, काही ठिकाणी ३०० मीटर उंच, आणि त्यावर थरांमागून थर: काळा, गेरूसारखा लाल, करडा, पुन्हा काळा. सर्वांत वर पांढुरका, भुसभुशीत थर. गावं त्या पांढऱ्या थरावर आणि त्या थरात आहेत.

हा पांढरा थर इसवी सनापूर्वी सोळाशेच्या आसपासचा. त्या उद्रेकाच्या राखेत गाडल्या गेलेल्या ऑलिव्हच्या एका फांदीचं कार्बन-मापन २००६ साली प्रसिद्ध झालं. त्यातून १६२७ ते १६०० हा काळ निघाला. पुरातत्त्वाचे काही अभ्यासक अजून अलीकडची तारीख मानतात आणि वाद मिटलेला नाही. मुलीला मी बोटीवरच सांगितलं, की आपल्या सीताबर्डीची टेकडीही लाव्ह्याचीच. पण दख्खनचा लाव्हा पातळ, तेलकट. भेगांतून निघून शांतपणे मैलोन्‌मैल पसरलेला, म्हणून सह्याद्रीच्या पायऱ्या-पायऱ्या. इथे आफ्रिकेचं भूपट्ट एजियन समुद्राच्या भूपट्टाखाली जातंय. त्यातून तयार होणारा मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, सिलिकायुक्त आणि घट्ट. त्यात वायू अडकून राहतो आणि सुटतो तेव्हा स्फोट होतो. खालचं पोट रिकामं झालं की वरचं छत कोसळतं. आपण आता ज्या पाण्यावरून चाललोय ती कोसळल्याची जागा. मुलगी बराच वेळ कठड्याला टेकून पाण्याकडे बघत राहिली. या पाण्याची खोली काही ठिकाणी ३९० मीटरच्या जवळ जाते.

मुक्काम आम्ही कड्यावर न करता पेरिसाला केला. हे गाव बेटाच्या दुसऱ्या अंगाला, काळ्या वाळूच्या किनाऱ्याला लागून, सपाट. कड्यावरच्या खोल्या महाग तर आहेतच, पण तिथे प्रत्येक दारासमोर पायऱ्या. गुडघेदुखीचं माणूस सोबत असेल तर पेरिसा किंवा कामारीच बघावं. बसची सोय चांगली आहे. एकच ध्यानात ठेवायचं: सगळ्या बस फिरा या मुख्य गावाला जातात आणि तिथूनच सुटतात, त्यामुळे दोन गावं शेजारी दिसली तरी मध्ये फिराला उतरून दुसरी बस पकडावी लागते.

आधी काय बघायचं यावर आमच्या घरी चर्चा झाली होती. मी हट्टाने सगळ्यांना पहिल्यांदा नेआ कामेनीला नेलं, आणि आजही कुणी विचारलं तर तोच क्रम सांगते. जमीन पायाखाली गरम लागली, की मग कडा, राखेखालचं गाव, शेतं हे सगळं आपोआप समजत जातं.

नेआ कामेनी हे विवराच्या मधोमध असलेलं काळं बेट. फिराखालच्या जुन्या बंदरातून बोट निघते. तिथे उतरायला ५८८ पायऱ्या आहेत, नाहीतर रोपवे. खेचरांवर बसूनही जाता येतं, पण उन्हात त्या गुळगुळीत दगडी पायऱ्यांवर दिवसभर माणसं वाहणारी ती जनावरं बघून आम्ही कुणीच बसलो नाही. ग्रीस सरकारने २०१८ मध्ये नियम केला, की या जनावरांवर १०० किलोपेक्षा किंवा त्यांच्या वजनाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त भार टाकायचा नाही. नियम असला तरी रोपवे आहे, तर रोपवेनेच जावं असं माझं स्पष्ट मत आहे.

बेटावर झाड नाही, सावली नाही, प्यायला पाणी नाही. वाट सुट्या खडीची, चढ सुमारे १३० मीटरचा. बूट घालावेत आणि माणशी लिटरभर पाणी न्यावं. सासूबाई धक्क्यापासून थोडं वर येऊन एका दगडावर टेकल्या. बाजूचा दुसरा दगड त्यांनी उचलून पाहिला, खडबडीत, फुगलेला, काचेसारखा चकाकणारा. “हा त विटाच्या भट्टीतला खंगर होय,” म्हणाल्या. वर्गात मी लाव्ह्याचं वर्णन करताना इतकी नेमकी उपमा कधी दिली नव्हती, आता देते.

हे अख्खं बेट माणसांच्या डोळ्यांदेखत तयार झालंय. १७०७ साली समुद्रातून खडक वर आले आणि ते १७११ पर्यंत वाढत राहिले. मग १८६६ ते १८७० असा मोठा उद्रेक. विसाव्या शतकात १९२५, १९३९ आणि शेवटचा १९५०: १० जानेवारीला सुरू झाला, २ फेब्रुवारीला थांबला. माथ्याजवळ त्या शेवटच्या लाव्ह्याची काळीभोर रास आहे. धाकट्याने हिशोब केला आणि खाली उतरल्यावर धावत जाऊन सांगितलं, “आजी, तो दगड तुझ्यापेक्षा एकाच वर्षाने मोठा आहे!” सासूबाईंचा जन्म १९५१चा.

विवराच्या काठावर पिवळसर फटींतून वाफ निघत असते. त्या वाफेचं तापमान ९० अंशांच्या वर जातं. हात जवळ नेला तर चटका बसण्याआधीच ऊब कळते, आणि गंधकाचा वास नाकात बसतो. काठाजवळची माती बोटांनी थोडी बाजूला केली तर खालची गरम लागते. मुलीने हात तसाच ठेवला आणि विचारलं, “म्हणजे हे संपलेलं नाही?” नाही. २०११-१२ मध्ये इथली जमीन काही सेंटिमीटर फुगली होती. आणि आम्ही परतल्यावर, जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये, सँटोरिनी आणि अमोर्गोस यांच्यामधल्या समुद्रात हजारो भूकंप झाले. १० फेब्रुवारीचा ५.३ रिश्टरचा सर्वांत मोठा. शाळा बंद झाल्या, दहा हजारांहून जास्त लोक बोटींनी आणि विमानांनी बेट सोडून गेले. समुद्रतळाखालून मॅग्मा आडवा सरकला म्हणून हे झालं, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. त्या आठवड्यांत आमच्या घरी रोज सकाळी आधी त्याच बातम्या लागत. म्हणून नेआ कामेनीला जायचं असेल तर तुम्ही जाल त्या आठवड्यात ते खुलं आहे का, हे स्थानिक प्रशासनाच्या सूचनांत बघूनच बोट ठरवा.

बोट पुढे शेजारच्या पालेआ कामेनी बेटाच्या उष्ण झऱ्यांपाशी थांबते. तिथे धक्का नाही, बोटीवरून थेट पाण्यात उतरून पोहत जावं लागतं. नवरा आणि धाकटा गेले. पाण्यात लोह असतं, गेरूचा रंग कपड्यांना कायमचा लागतो, म्हणून जुने गडद कपडे घालावेत. पोहणं पक्कं येत नसेल तर बोटीवरूनच बघावं.

अक्रोतिरीसाठी आम्ही टॅक्सी केली आणि उघडताच आत गेलो. या जागेसाठी अख्खी सकाळ राखून ठेवा. त्या उद्रेकाने गाडलेलं हे गाव. राखेचा हा थर पहिल्यांदा धंद्यासाठी खणला गेला. सुएझ कालव्याच्या बांधकामासाठी सँटोरिनीची राख सिमेंटात मिसळायला हवी होती. १८६० च्या दशकात थिरासियावर खणताना राखेखाली भिंती लागल्या. पुढे स्पिरिडॉन मारिनातोस या ग्रीक पुरातत्त्वज्ञाने १९३९ मध्ये मांडलं, की क्रीट बेटावरच्या प्राचीन मिनोअन संस्कृतीला या उद्रेकाने धक्का दिला. नंतर युद्ध आलं. अक्रोतिरीचं उत्खनन त्याने सुरू केलं ते १९६७ साली, आणि १९७४ मध्ये इथेच, उत्खननाच्या जागी अपघातात तो गेला. २००५ मध्ये जागेवरचं छत कोसळून एका पर्यटकाचा मृत्यू झाला. नंतर ही जागा २०१२ पर्यंत बंद होती. आताचं छत उजेड हळुवार गाळून आत सोडणारं आहे, आणि उंचावरून नेणारे सपाट मार्ग आहेत. सासूबाईंनी पूर्ण फेरी स्वतःच्या पायांनी केली.

दोन-तीन मजली घरं, मधून अरुंद गल्ल्या, गल्लीच्या फरशीखालून गटार. एका घरात वरच्या मजल्यावर शौचालय आणि तिथून भिंतीतून उतरणारी मातीची नळी, गटाराला जोडलेली. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं! भिंतींत लाकडी चौकटी बसवलेल्या होत्या. धरणीकंपात भिंतीला लवचीकपणा राहावा म्हणून, म्हणजे त्या लोकांना आपल्या जमिनीचा स्वभाव ठाऊक होता. एका घराचा दगडी जिना जागच्या जागी आहे, पण प्रत्येक पायरी मधोमध दुभंगलेली. उद्रेकाच्या आधीच्या भूकंपाची ती खूण.

मला तिथे सर्वांत जास्त थांबवलं ते एका गोष्टीने. इटलीत ज्वालामुखीच्या राखेत गाडलेल्या पाँपेईत माणसं सापडली, इथे गावात एकही सांगाडा सापडलेला नाही. भूकंपानंतर लोक गाव सोडून गेले असावेत, मग काही जण परतले. दगडमातीचे ढीग त्यांनी नीट बाजूला लावले, घरातल्या खाटा बाहेर काढून एकावर एक ठेवल्या. लाकूड कुजून गेलं, पण राखेत त्याचा पोकळ साचा राहिला. त्यात प्लॅस्टर ओतून त्या खाटांचा आकार पुन्हा मिळवलाय. दुरुस्तीचं काम अर्धवट असतानाच वरून प्यूमिसची, म्हणजे हलक्या, सच्छिद्र ज्वालामुखी दगडाची, पहिली बारीक सर आली असणार, आणि ही माणसंही निघून गेली. ती पुढे समुद्रात वाचली की नाही, कुणाला माहीत नाही. मोठ्या रांजणांत धान्य तसंच राहिलं होतं. सासूबाई त्या रांजणांपाशी खिळल्या. भूकंपानंतर घर आवरायला परत येणारी माणसं, हे त्यांना फार लागलं. “घरात दाणे ठेवून कोणाले जाववते का,” एवढंच म्हणाल्या.

इथली भित्तिचित्रं मूळ जागी नाहीत. काही फिराच्या प्रागैतिहासिक थिरा संग्रहालयात, काही अथेन्सला. फिराचं संग्रहालय बसस्थानकाजवळच आहे आणि तासाभरात होतं, पण बरेच लोक त्याच्या दारावरून तसेच पुढे जातात. आत निळ्या माकडांचं चित्र आहे. खडकावर उड्या मारणारी, शेपटी वर वळवलेली, लांब हातापायांची. मुलगी समोर उभी राहताच म्हणाली, “आई, ही तर रामटेकची वानरं.” २०२० मध्ये वानरशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञांच्या एका गटाने हेच मांडलंय. शरीराची ठेवण आणि शेपटीची वर वळलेली कमान बघता ही आफ्रिकेतली माकडं नसून भारतीय उपखंडातली वानरं दिसतात. एजियन चित्रकार करड्यासाठी निळा रंग वापरत. म्हणजे सिंधू संस्कृतीच्या बाजूने व्यापाराच्या वाटेने ही वानरं, निदान ती पाहिलेला माणूस, पश्चिमेकडे गेला असावा. मुलीने ते स्वतःच्या डोळ्यांनी ओळखलं याचा मला झालेला आनंद लिहून सांगता येणार नाही.

आता शेताकडे येते, कारण या बेटाचं खरं मोठेपण मला शेतात दिसलं. पाऊस तुटपुंजा, नदी नाही. माती म्हणजे राख आणि प्यूमिस. मेगालोखोरी गावाच्या बाजूने चालत गेलात तर द्राक्षाचे मळे दिसतात, पण मांडव कुठेच नाही. वेल जमिनीवरच गोल गोल वळवून तिची टोपली विणलेली असते. पानं बाहेरून, घड आत, वाऱ्यापासून आणि उन्हापासून झाकलेले. रात्री समुद्रावरून येणारं धुकं आणि दव प्यूमिस शोषून घेतं आणि दिवसभर मुळांना पुरवतं. पाणी दिलं जात नाही. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने युरोपभरच्या द्राक्षबागा फस्त केल्या. इथल्या मातीत चिकणमातीच नाही म्हणून कीड टिकली नाही, आणि काही वेलींची मुळं शेकडो वर्षांची आहेत. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांनी हे मळे आवर्जून बघावेत.

मेगालोखोरीच्या एका लहान खानावळीत सासूबाईंसाठी बिनमांसाचं काय आहे विचारलं, तर मालकीणबाईंनी पिवळं, घट्ट, ऑलिव्ह तेल सोडलेलं वरण आणून ठेवलं. वर कच्चा कांदा आणि केपरच्या कळ्या. इथे त्याला फावा म्हणतात. सासूबाईंनी एक घास घेतला, थांबल्या, दुसरा घेतला. “अवो, हे त लाखोळीचं वरण होय!” मी म्हटलं, आई, कसं शक्य आहे. मालकीणबाईंनी आतून मूठभर डाळ आणून दाखवली. चव आणि जीभ दोन्ही बरोबर होत्या. सँटोरिनीचा फावा म्हणजे लॅथिरस क्लायमेनम. आपली लाखोळी लॅथिरस सटायव्हस. सख्ख्या बहिणी. अक्रोतिरीच्या उत्खननातही हिचे दाणे सापडलेत, म्हणजे त्या गावातली माणसंही हेच वरण जेवत होती.

भंडारा-गोंदियाकडे धान कापणीला येण्याआधी उभ्या बांधीत लाखोळी फेकतात. धान निघालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर ती वाढते, वेगळं पाणी मागत नाही. दुष्काळात दुसरं काही नसलं की तीच खायची, आणि सतत तीच खाल्ली की पाय लुळे पडायचे. म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. गावातली अशी माणसं सासूबाईंनी लहानपणी पाहिलेली. आमच्याकडे जिची लाज वाटायची, ती डाळ इथे बेटाचा मान म्हणून ताटात येते. त्या मालकीणबाईंना त्यांनी खुणांनीच विचारलं: पाणी देता? त्यांनी आभाळाकडे बोट दाखवलं. दोघी बराच वेळ बोलत होत्या, एकीला फक्त ग्रीक आणि दुसरीला फक्त मराठी येत असूनही. फाव्याची पाकिटं आम्ही तिथूनच घेतली.

तिथेच टोमॅटोची भजीही खाल्ली, पुदिना घातलेली. बिनपाण्याच्या शेतातले हे टोमॅटो बोराएवढे आणि फार गोड. एकेकाळी बेटावर टोमॅटो डबाबंद करणारे कारखाने होते; व्लिखादाच्या जुन्या कारखान्यात आता त्याचं संग्रहालय आहे.

इयाला एक संध्याकाळ गेलो. गर्दी इतकी असते की पायाखालची वाट दिसत नाही. त्यापेक्षा सकाळी आठच्या आत जावं. तिथली घरं राखेच्या थरात कोरलेली, कमानदार छताची. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. ९ जुलै १९५६ च्या भूकंपात इया मोडून पडलं होतं, बेटावर ५३ माणसं गेली, आणि कित्येक कुटुंबं कायमची अथेन्सला निघून गेली. जुन्या कप्तानांची काही पडकी घरं अजून दिसतात. ती शोधून बघा.

परतताना अथेन्सला एक पूर्ण दिवस ठेवा आणि तिथल्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात अक्रोतिरीचं दालन बघा, नाहीतर बेटाची सहल अर्धी राहते. तिथे एका खोलीच्या भिंतींवरचं वसंताचं अख्खं चित्र आहे. लाल, पिवळे, निळसर करडे खडक, त्यांवर तांबडी लिलीची फुलं आणि हवेत जोडीजोडीने भिरभिरणारी पाकोळ्यांसारखी पाखरं. उद्रेकाआधीच्या बेटाचे हे खडक. धाकटा म्हणाला, हे रंग बोटीवरून दिसलेल्या कड्याचेच आहेत, आणि मग तो एकेका रंगावर बोट रोखून सांगत सुटला: हा लाल अक्रोतिरीजवळच्या किनाऱ्याचा, हा करडा फिराखालचा, पांढरा मात्र कुठेच नाही. पांढरा थर तेव्हा पडायचा होता, हे त्याला सांगावं लागलं नाही.